सी आणि डी एकत्र करताना

लातूरच्या मार्केट यार्डातली आडत असो, नांदेडच्या वजिराबादेतले डीटीपी सेंटर असो की एखाद्या तालुक्याच्या गावचे आपले सरकार सेवा केंद्र, संगणकाची एक तक्रार सगळीकडे सारखी असते. सी ड्राइव्ह भरून लाल झालेला असतो, विंडोज अपडेट घेत नाही, फाइल उघडायला वेळ लागतो. आणि शेजारच्या डीमध्ये शे-दोनशे जीबी मोकळे पडलेले असतात. साहजिकच मनात येते, की हे दोन्ही एक करून टाकावे. डेटा न घालवता ते जमते का?

जमते. पण जोडणीला हात घालण्याआधी डेटाची पूर्ण, तपासलेली प्रत त्या डिस्कच्या बाहेर असलीच पाहिजे. पुढे जे मार्ग आणि जी साधने सांगितली आहेत, त्यातले एकही या अटीला पर्याय नाही. आपल्याकडे डेटा जातो तो बहुतेक वेळा सॉफ्टवेअरच्या दोषाने जात नाही, ही अट टाळल्यामुळे जातो.

इतके भाग पडले कसे

आयबीएमने १९८३ साली पीसी एक्सटी हा संगणक आणला. त्यात १० एमबीची हार्डडिस्क होती आणि सोबतच्या डॉस २.० मध्ये डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, पाडण्याची सोय होती. या भागांची नोंद डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटमध्ये राहते. तिला मास्टर बूट रेकॉर्ड किंवा थोडक्यात एमबीआर म्हणतात. त्यात मुख्य भागांच्या चारच नोंदी मावतात. चारापेक्षा जास्त भाग हवे असले, तर एक भाग ‘एक्स्टेंडेड’ करून त्याच्या पोटात ‘लॉजिकल’ ड्राइव्ह बनवावे लागतात. हा तपशील जुना असला तरी जोडणीच्या वेळी तो हमखास आडवा येतो.

डॉस आणि सुरुवातीच्या विंडोज ९५ मधली फॅट१६ ही पद्धत एका भागात २ जीबीपेक्षा जास्त जागा हाताळू शकत नसे. म्हणजे ८ जीबीच्या डिस्कचे किमान चार भाग पाडणे भागच होते. १९९६ मध्ये फॅट३२ आली, पुढे विंडोज एक्सपीबरोबर एनटीएफएस घरोघरी पोहोचली आणि ती मर्यादा उरली नाही. भाग पाडण्याची सवय मात्र टिकली, आणि तिला कारणही होते. त्या काळी व्हायरस आला की सी फॉरमॅट मारून नवी विंडोज टाकायची, आणि आपले काम डीमध्ये सुरक्षित राहायचे. एमकेसीएलची स्थापना २००१ साली झाली आणि एमएस-सीआयटीची केंद्रे गावोगाव निघाली. त्या वर्षांत असेंबल केलेले जे संगणक मराठवाड्यात आले, त्यांत सी, डी, ई, एफ अशी वाटणी ठरलेलीच असे. सीच्या वाट्याला तीस-चाळीस जीबी आले तरी ते पुष्कळ वाटत.

आता तेवढे पुरत नाहीत. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टची किमान अटच ६४ जीबी साठवणुकीची आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला आणि अनेकांना पुढच्या आवृत्तीकडे वळावे लागले. त्यामुळे पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या सवयीने पाडलेले भाग आज एकाच वेळी अनेक टेबलांवर अडचणीचे ठरत आहेत.

जोडणीत आत काय घडते

बहुतेकांची समजूत असते, की मधली रेघ पुसली की दोन्ही बाजूंचा माल एकत्र होतो. तसे होत नाही. प्रत्येक पार्टिशनची स्वतःची स्वतंत्र फाइल सिस्टिम असते, म्हणजे कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याची स्वतःची नोंदवही. दोन नोंदवह्या एकमेकींत मिसळत नाहीत. प्रत्यक्षात एक पार्टिशन नष्ट होते आणि त्याची जागा दुसऱ्याला मिळते. नष्ट होणाऱ्यातल्या फाइली त्याआधी कुठेतरी हलवाव्याच लागतात. त्या तुम्ही स्वतः हलवा किंवा एखादे सॉफ्टवेअर तुमच्या वतीने हलवो, क्रम तोच राहतो.

यातल्या कोणत्या कामात किती जोखीम आहे, हे ओळखून ठेवावे. पार्टिशन उजवीकडे वाढवणे हे काम हलके असते. फाइल सिस्टिमच्या नोंदी बदलतात, फाइली जागच्या जागी राहतात आणि काही क्षणांत काम उरकते. पार्टिशन लहान करणे मध्यम जोखमीचे, कारण शेवटच्या टोकाच्या फाइली आत सरकवाव्या लागतात. सर्वांत जोखमीचे काम म्हणजे पार्टिशनची सुरुवात सरकवणे. त्यात आतला सारा डेटा उचलून दुसरीकडे लिहावा लागतो. मोठ्या आणि जुन्या हार्डडिस्कवर याला कित्येक तास लागतात आणि मध्येच खंड पडला तर डेटा अर्धा इकडे, अर्धा तिकडे राहतो. एखादे साधन ‘डीमधली थोडी जागा सीला द्या’ अशी सोपी सोय दाखवते, तेव्हा पडद्यामागे डीची सुरुवात सरकवण्याचे हेच काम चाललेले असते.

मध्ये कोण बसले आहे

विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, डिस्क मॅनेजमेंटमध्ये पार्टिशन लहान-मोठे करण्याची सोय आहे. वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. डीमधला डेटा बाहेर काढला, डीवर ‘डिलीट व्हॉल्यूम’ केले, की ती जागा ‘अनॲलोकेटेड’ दिसते. मग सीवर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’. पण ही जागा सीला अगदी लागून, उजव्या बाजूला असावी लागते. शेजारशेजारच्या दोन गटांमधला बांध काढून एक वावर करता येते, पण मध्ये तिसऱ्याचा पट्टा असेल तर करता येत नाही, तसेच हे आहे. असा पट्टा असला की ‘एक्स्टेंड’चा पर्याय फिकट दिसतो आणि वापरणारा गोंधळतो.

हा मधला पट्टा दोन प्रकारचा असतो. नव्या संगणकांवर तो बहुधा रिकव्हरी पार्टिशनचा असतो. विंडोज टाकतानाच सी आणि डी असे भाग पाडले, तर विंडोज १० च्या अलीकडच्या आवृत्त्या आणि विंडोज ११ आपले रिकव्हरी पार्टिशन सीच्या लगेच पुढे बसवतात. म्हणजे डी काढला तरी सी आणि मोकळी जागा यांच्यामध्ये ते उरते. ते निकामी समजून उडवू नये. विंडोज सुरूच झाली नाही तर दुरुस्तीची साधने तिथूनच चालतात. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० चे एक सुरक्षा अपडेट असंख्य संगणकांवर अडकले, ते याच पार्टिशनमध्ये पुरेशी जागा नसल्यामुळे. जाणकाराकडून काम करून घ्यायचे असेल तर क्रम असा: आधी ‘रीएजंट-सी’ या आज्ञेने रिकव्हरी बंद करणे, मग ते पार्टिशन काढणे, सी वाढवताना शेवटी सुमारे १ जीबी जागा राखणे, तिथे नवे रिकव्हरी पार्टिशन करणे आणि रिकव्हरी पुन्हा सुरू करणे.

जुन्या, एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर हा पट्टा एक्स्टेंडेड पार्टिशनचा असतो. तिथे डी, ई, एफ हे तिन्ही लॉजिकल असतात. डी काढला तरी मोकळी झालेली जागा एक्स्टेंडेडच्या पोटातच राहते, सीच्या हाती लागत नाही. विंडोजच्या साधनाने ती मिळवायची तर ई आणि एफसुद्धा काढावे लागतात. ‘फक्त डी जोडायचा आहे’ म्हणून फक्त डीची प्रत घेतलेला माणूस नेमका इथे अडकतो. म्हणून कोणताही भाग जोडायचा असला तरी प्रत संपूर्ण डिस्कची घ्यावी.

अशा वेळी विंडोज कधीकधी डिस्क ‘डायनॅमिक’ करण्याचा प्रस्ताव ठेवते. तिथे नकार द्यावा. पुन्हा साध्या स्वरूपात यायचे तर विंडोजच्या साधनाने सगळे भाग पुसावे लागतात, आणि ही पद्धत मायक्रोसॉफ्टने आता मागे टाकली आहे.

साधनांचा आढावा

नव्वदच्या दशकात पॉवरक्वेस्ट कंपनीचे पार्टिशन मॅजिक हे या कामाचे नावाजलेले सॉफ्टवेअर होते. २००३ मध्ये सिमँटेकने ती कंपनी घेतली, पुढे ते उत्पादन बंद पडले. आज मिनीटूल पार्टिशन विझार्ड, एओमेई पार्टिशन असिस्टंट, ईझयूएस पार्टिशन मास्टर ही नावे दुकानांतून ऐकू येतात. मिनीटूल आणि एओमेई यांच्या ‘मर्ज’ सोयीत एका पार्टिशनमधला सगळा मजकूर दुसऱ्यातल्या एका फोल्डरमध्ये जातो आणि मग जागा जोडली जाते. मध्ये रिकव्हरी किंवा एक्स्टेंडेडचा पट्टा असेल तर अशी साधने उपयोगी पडतात. पण मोफत आवृत्तीत हवी ती सोय नसेल म्हणून क्रॅक केलेली प्रत वापरणे हा घातक मार्ग आहे. ज्या सॉफ्टवेअरच्या हाती अख्खी डिस्क द्यायची, ते कुणी आणि काय मिसळून दिले आहे हे माहीत नसताना वापरू नये.

जीपार्टेड हे मुक्त आणि मोफत साधन आहे. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून ते चालवता येते, त्यामुळे विंडोज बंद असतानाच पार्टिशनवर काम होते. त्याआधी विंडोज पूर्णपणे बंद केलेली हवी. फास्ट स्टार्टअपमुळे ती अर्धवट झोपलेली असते आणि अशा अवस्थेत एनटीएफएसला हात लावणे धोक्याचे.

जगात इतरत्र हा प्रश्न मुळातून सोडवण्याचे प्रयत्न झाले आहेत. लिनक्समध्ये एलव्हीएम आहे. तिथे भाग नंतर वाढवता येतात आणि जागा सलग असण्याची सक्ती नसते. ॲपलने २०१७ मध्ये मॅकसाठी एपीएफएस आणली. तिच्यात एका डिस्कवरचे अनेक भाग मोकळी जागा सामाईक वापरतात. विंडोजच्या साध्या डिस्कवर अशी सोय नाही. म्हणून आपल्याला जागेचा हिशोब आधीच करावा लागतो.

आपल्याकडचे खास धोके

पहिला धोका विजेचा. एप्रिल-मेमधले वारे आणि अवकाळी पाऊस, पावसाळ्यातले बिघाड, उन्हाळ्यातला कमी-जास्त दाब यांमुळे मराठवाड्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. डेस्कटॉपच्या यूपीएसची बॅटरी जुनी झाली की ती पाच मिनिटेही धरत नाही. पार्टिशन सरकवण्याचे काम अशा यूपीएसच्या भरवशावर कधीच करू नये. लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरून आणि चार्जर लावूनच बसावे. डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टरवर चालणारी जागा शोधावी, किंवा सरकवण्याचे काम टाळून ‘काढा आणि वाढवा’ हाच मार्ग धरावा.

दुसरा धोका पत्ते बदलण्याचा. डीमधला डेटा सीमध्ये सुखरूप आला तरी त्याचा पत्ता बदलतो. पेजमेकरमधली पत्रिका, पुस्तिका किंवा दिवाळी अंक जोडलेली चित्रे जुन्या पत्त्यावर शोधतो आणि ती सापडत नाहीत. टॅलीमध्ये कंपनी यादीत दिसेनाशी होते आणि आडत्याला वाटते, वर्षाचा हिशोब गेला. तो गेलेला नसतो. डेटाचा नवा पत्ता टॅलीला सांगावा लागतो. टॅलीच्या कंपन्यांच्या फोल्डरांना नावाऐवजी पाच-सहा आकडी क्रमांक असतात. ते न ओळखल्याने कुणी कचरा समजून पुसून टाकू शकतो. बरेचदा हा डेटा डीमध्ये नसून सीमध्येच असतो. म्हणून टॅलीतला बॅकअप टॅलीमधूनच वेगळा घ्यावा आणि हे काम सोयाबीनच्या आवकेच्या दिवसांत किंवा मार्चअखेरीला काढू नये.

तिसरा धोका मराठी फॉन्टचा. आपल्याकडचे कितीतरी लिखाण अजून श्रीलिपी, आयएसएम किंवा तत्सम जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहे. त्यात प्रकाशकांची पुस्तके आहेत, शाळांच्या प्रश्नपत्रिका आहेत, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतल्या संशोधकांचे प्रबंध आहेत. जोडणीने फॉन्ट जात नाहीत. पण अनेक ठिकाणी ‘पार्टिशन एकत्र करून द्या’ म्हटले की सगळी डिस्क फॉरमॅट करून नवी विंडोज टाकली जाते. डीची प्रत घेतलेली असते, पण फॉन्ट विंडोजच्या फोल्डरमध्ये, म्हणजे सीमध्ये असतात. फाइल उघडते आणि आत निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात. यासाठी फॉन्टचे फोल्डर आणि सॉफ्टवेअरचा परवाना आधी जपावा, आणि महत्त्वाच्या फाइलींची पीडीएफही करून ठेवावी. डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स हेही सीमध्येच असतात, हे दुकानात संगणक देण्याआधी आठवावे.

चौथा धोका कुलपाचा. विंडोज ११ च्या अनेक नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की डिस्क बिटलॉकरने आपोआप कूटबद्ध होते. तिची ४८ आकडी रिकव्हरी की हाताशी नसेल तर पार्टिशनच्या बदलानंतर स्वतःचाच संगणक उघडेनासा होऊ शकतो. ही की खात्यात शोधून कागदावर उतरवून ठेवावी, आणि काम सुरू करण्याआधी बिटलॉकर बंद करून डिस्क पूर्ण उकलू द्यावी.

पाचवा धोका डिस्कच्या वयाचा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन डिस्कची प्रकृती सांगते. त्याने ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ दाखवले तर जोडणीचा विचार सोडून द्यावा आणि आधी डेटा बाहेर काढावा.

प्रत कशी घ्यावी

डीमधला डेटा ईमध्ये ठेवला म्हणजे बॅकअप झाला, हा गैरसमज फार पसरलेला आहे. दोन्ही एकाच डिस्कवर आहेत. डिस्क गेली की दोन्ही गेले. प्रत वेगळ्या डिस्कवर हवी. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम साधा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. ज्या व्यवसायात लोकांच्या लग्नाची छायाचित्रे किंवा विद्यार्थ्यांचे दाखले आहेत, तिथे हा नियम पाळणे ही लोकांप्रती असलेली जबाबदारी आहे.

पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल त्यावर जात नाही. लग्नाचे व्हिडिओ तिथेच अडतात. अशा वेळी एक्सफॅट किंवा एनटीएफएस केलेली एक्स्टर्नल डिस्क वापरावी. मोठ्या प्रतीसाठी विंडोजमध्येच असलेली रोबोकॉपी ही आज्ञा चांगली. कोणती फाइल राहिली याची ती नोंद देते. प्रत झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि आकार ताडून पाहावा, आणि शक्य तर ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून वेगवेगळ्या फोल्डरांतल्या फाइली उघडून पाहाव्यात. मूळ पार्टिशन पुसण्याचा निर्णय त्यानंतरच घ्यावा.

जोडायची गरज आहेच का

अनेकदा नसते. जुन्या विंडोजचा राहिलेला साठा, तात्पुरत्या फाइली, डाउनलोड्समध्ये साचलेले स्कॅन आणि व्हॉट्सॲपवरून उतरवलेले व्हिडिओ काढले तरी सी मोकळा श्वास घेतो. डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि डेस्कटॉप यांची जागा त्यांच्या ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘लोकेशन’मधून डीमध्ये हलवता येते. डी पार्टिशन सीमधल्या एखाद्या रिकाम्या फोल्डरला जोडताही येते. मग वापरणाऱ्याला ते सीचाच भाग वाटते आणि डिस्कवर काही पुसावे लागत नाही.

संगणक जुना असेल आणि त्यात फिरणारी हार्डडिस्क असेल, तर सर्वांत शहाणपणाचा मार्ग म्हणजे नवी एसएसडी घेणे. तिच्यावर पुरेसा मोठा सी करून विंडोज आणि डेटा न्यावा, आणि जुनी डिस्क हात न लावता कपाटात ठेवावी. जागेचा प्रश्न सुटतो, वेग वाढतो आणि जुनी डिस्क आपोआप बॅकअप ठरते. जोडणीवर जी मजुरी आणि जो दिवस खर्च होतो, तो इकडे लावणे केव्हाही योग्य.

चुकलेच तर

चुकीचे पार्टिशन पुसले गेले, की पहिली गोष्ट म्हणजे संगणक वापरणे थांबवणे. पुसल्यावर डेटा लगेच नाहीसा होत नाही. त्याच्यावर नवे लिहिले गेले की नाहीसा होतो. त्या डिस्कवर नवे सॉफ्टवेअर टाकू नये, विंडोज पुन्हा टाकू नये. टेस्टडिस्क हे मुक्त साधन हरवलेले पार्टिशन पुष्कळदा शोधून देते, आणि त्याचेच भावंड फोटोरेक फाइली एकेक करून बाहेर काढते, मात्र फाइलींची नावे आणि फोल्डर बहुतेक जातात. सापडलेल्या फाइली नेहमी दुसऱ्या डिस्कवर घ्याव्यात. एसएसडीवर आशा कमी असते. विंडोज तिच्यावरची मोकळी जागा ठरावीक काळाने ट्रिम करते आणि त्यानंतर जुना डेटा परत मिळणे जवळजवळ अशक्य होते.

डिस्क दुसऱ्याच्या हाती देतानाही विचार करावा. सेवा केंद्राच्या डिस्कवर शेकडो कुटुंबांचे आधार, सातबारा, जातीचे दाखले असतात. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने २०२३ पासून मराठवाड्यातल्या निजामकालीन कुणबी नोंदी शोधायला घेतल्यावर अशा जुन्या कागदांच्या प्रतींचे मोल आणखी वाढले. २०२३ मध्ये देशात डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदाही संमत झाला आहे. तेव्हा ओळखीच्या, पावती देणाऱ्या आणि शक्य तर समोर बसून काम करणाऱ्या कारागिरालाच डिस्क द्यावी.

निष्कर्ष

सगळे मार्ग पाहिल्यावर क्रम असा ठरतो. आधी सी साफ करा आणि फोल्डर डीकडे वळवा. त्याने भागले नाही आणि डिस्क जुनी असेल, तर नवी एसएसडी घ्या. डिस्क ठणठणीत असेल आणि जोडायचेच असेल, तर संपूर्ण प्रत बाहेर घेऊन विंडोजच्याच साधनाने डी काढा आणि सी वाढवा. मध्ये पट्टा अडत असेल तरच अधिकृत, खात्रीचे दुसरे साधन वापरा.

नांदेड-लातूरच्या संगणक वर्गांना आणि दुरुस्तीच्या दुकानांना एक विनंती आहे. टायपिंग आणि एक्सेल शिकवताना एक तास बॅकअपसाठी द्या, आणि ग्राहकाची डिस्क हाती घेताना ‘प्रत कुठे आहे?’ हा प्रश्न आधी विचारा. उत्तर मिळाले नाही तर काम सुरू करू नका.